उस्ताद नसलेला उस्ताद

रमजानच्या पानावर मिर्झा गालिब कशाला, असे कुणी विचारले तर त्याचे काही चुकले म्हणता येणार नाही. रोजा आणि नमाज या दोन्ही बाबतींत मिर्झासाहेबांची ख्याती चांगली नव्हती आणि ती त्यांनी स्वतःच मिटक्या मारीत पसरवली होती. रमजान संपल्यावर ते किल्ल्यात गेले तेव्हा बादशहा बहादूरशहा जफर यांनी किती रोजे धरले म्हणून विचारले आणि मिर्झांनी एक नाही धरला असे सांगितले. एकच चुकला की एकही झाला नाही, हे बादशहाने आपल्या मनाशी ठरवायचे. शब्दांची ही गंमत उर्दूत जशी आहे तशीच मराठीतही उतरते.

दुसरा किस्सा मुफ्ती सदरुद्दीन आजुर्दा यांचा. मुफ्तीसाहेब दिल्लीतले बडे न्यायाधीश, विद्वान आणि स्वतः शायर. रमजानच्या ऐन दुपारी ते गालिबांना भेटायला गेले तर हे आपल्या अंधाऱ्या खोलीत मित्राबरोबर सोंगट्या खेळत बसलेले. मुफ्तीसाहेब म्हणाले की रमजानात सैतानाला कोंडून ठेवतात असे हदीसमध्ये वाचले होते, आज त्याबद्दल शंका आली. मिर्झांनी हदीस अगदी बरोबर असल्याची ग्वाही दिली. सैतानाला जिथे कोंडतात ती जागा म्हणजे हीच खोली, एवढेच सांगायचे राहिले होते.

हे किस्से मुशायऱ्यांत आणि इफ्तारच्या दस्तरखानावर दरवर्षी फिरतात. पण त्या खोलीत आणखी एक काम चालायचे, त्याबद्दल फारसे बोलले जात नाही. गावोगावच्या नवख्या कवींचे कागद टपालाने तिथे येत. मिर्झा ते वाचत, शब्द बदलत, कारण लिहीत आणि परत पाठवत. हे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले, बहुतेकांचे एक पैसाही न घेता. मला आज ते गालिब सांगायचे आहेत.

गालिबांचा जन्म २७ डिसेंबर १७९७ चा, आग्र्याचा. खरे नाव असदुल्ला बेग खान. वडील अब्दुल्ला बेग अलवरच्या राजाच्या चाकरीत असताना १८०२ मध्ये लढाईत गेले. मग काका नसरुल्ला बेग यांनी मुलाला सांभाळले. हे काका मराठ्यांच्या, म्हणजे शिंद्यांच्या वतीने आग्र्याचा कारभार पाहत होते आणि १८०३ मध्ये लॉर्ड लेकची फौज आली तेव्हा किल्ला त्यांच्याच हातून इंग्रजांकडे गेला. त्याच्या मोबदल्यात मिळालेल्या जहागिरीतून पुढे घराण्याला पेन्शन लागली आणि त्यात गालिबांचा वाटा वर्षाला ७५० रुपये, म्हणजे महिन्याला बासष्ट रुपये आठ आणे. त्यात वाढ मिळावी म्हणून त्यांनी कलकत्त्यापर्यंत प्रवास केला, कर्ज केले आणि अखेर हात हलवत परतले. काकाही १८०६ मध्ये हत्तीवरून पडून वारले. नऊ वर्षांच्या आत मूल दोनदा पोरके झाले. तेराव्या वर्षी उमराव बेगम यांच्याशी लग्न झाले आणि थोड्याच काळात मिर्झा दिल्लीकर झाले. सात मुले झाली, एकही जगले नाही.

त्या काळी शायर व्हायचे तर आधी उस्ताद करावा लागे. आपली गझल उस्तादाला दाखवायची, त्याने ती दुरुस्त करायची; या दुरुस्तीला इस्लाह म्हणतात. गवयाच्या घराण्यासारखेच हे. कोणाचा शागीर्द, हा पहिला प्रश्न. गालिबांकडे त्याचे उत्तर नव्हते. ते सांगत की लहानपणी आग्र्यात अब्दुस्समद नावाचा एक इराणी विद्वान येऊन राहिला होता आणि आपण फारसी त्याच्याकडून शिकलो. पण हाली यांनी लिहून ठेवले आहे की कधी कधी मिर्झा स्वतःच कबूल करत, लोक बिनउस्तादाचा म्हणून हिणवतात त्यांचे तोंड बंद करायला हा अब्दुस्समद आपण घडवला. संशोधक आजही त्यावर वाद घालतात. मला त्यातला वाद महत्त्वाचा वाटत नाही. आपल्याला हात धरून शिकवणारे कुणी नव्हते ही गोष्ट एका माणसाला इतकी बोचत होती की त्याने एक गुरू कल्पनेतून उभा केला असेल, तर त्या बोचण्याचा पुढच्या सगळ्याशी संबंध आहे असे वाटते.

तरी त्यांना काही मिळाले नाही असे नाही. तरुणपणीची त्यांची शायरी इतकी गुंतागुंतीची होती की भरल्या मुशायऱ्यात लोक टोमणे मारत. मौलवी फजले हक खैराबादी हे तर्कशास्त्राचे मोठे पंडित, गालिबांचे मित्र. त्यांनी आणि इतर मित्रांनी गालिबांना समजावले की हे कुणाला कळणार नाही, हे काढून टाक. आज १८४१ च्या दिवाणात जेवढे आहे, त्याहून कितीतरी अधिक त्यांनी आधी लिहिले होते आणि बाजूला ठेवले. मराठीत उर्दू शायरीचा परिचय करून देणाऱ्या सेतुमाधवराव पगडी किंवा विद्याधर गोखले यांच्यामुळे जो गालिब आपल्या घरांत पोचला, तो हा चाळून उरलेला गालिब. गर्विष्ठ म्हणून प्रसिद्ध असलेल्या माणसाने मित्रांच्या सांगण्यावरून आपल्याच ओळींवर काट मारली, हे मी वर्गात शिकवतो तेव्हा कविता लिहिणारी मुले थोडी अस्वस्थ होतात.

शिकवण्याची नोकरी मात्र मिर्झांनी केली नाही. १८४२ मध्ये दिल्ली कॉलेजात फारसीच्या जागेसाठी त्यांना बोलावणे आले. पालखीतून गेले आणि सरकारचे सेक्रेटरी टॉमसन साहेब स्वागताला बाहेर येतील म्हणून दाराशी थांबले. साहेबांनी निरोप दिला की दरबारात याल तेव्हा स्वागत होईल, आज तुम्ही नोकरीसाठी आला आहात. नोकरी मान वाढावा म्हणून करायची, आहे तो घालवायला नाही, असे सांगून मिर्झांनी पालखी वळवली. मी स्वतः कॉलेजात शिकवतो. ही गोष्ट सांगताना दरवेळी हेवा वाटतो, आणि पगाराच्या तारखेची आठवणही येते.

ज्याने कॉलेजची खुर्ची नाकारली, त्याने टपालाने शाळा चालवली. १८५४ मध्ये अर्ध्या आण्यात देशभर पत्र जाऊ लागले आणि इस्लाहचे रूप बदलले. उस्तादाच्या दारात जाऊन बसण्याची गरज उरली नाही. शागीर्दाने कागदावर गझल लिहायची, दोन ओळींत मोकळी जागा सोडायची. जागा न सोडता दाटीवाटीने लिहिणाऱ्यांवर मिर्झा चिडत. दुरुस्ती लिहू कुठे, असा त्यांचा सवाल असे. पाकिटे ते घरीच तयार करत. हरवू नये म्हणून कधी मुद्दाम बैरंग पत्र पाठवत, कारण पैसे वसूल व्हायचे म्हणून टपालवाला ते नक्की पोचवतो. आणि त्यांच्या पत्त्यावर कुणी मोहल्ल्याचे नाव घातले तर रागावत. दिल्ली आणि गालिब एवढे पुरेसे होते.

या शाळेतले सर्वांत लाडके नाव मुन्शी हरगोपाल. बुलंदशहराजवळच्या सिकंदराबादचे कायस्थ, फारसीत लिहिणारे, तखल्लुस म्हणजे टोपणनाव तफ्ता. अर्थ तापलेला, पोळलेला. आपला तप्त आणि हा तफ्ता सख्खे भाऊ आहेत. गालिबांनी या शागीर्दाला मिर्झा ही आपली पदवी दिली आणि हरगोपाल कायमचे मिर्झा तफ्ता झाले. त्यांना लिहिलेली सव्वाशेच्या आसपास पत्रे उरली आहेत. दुसऱ्या कुणाला लिहिलेली इतकी नाहीत.

ही पत्रे वाचताना लक्षात येते की मिर्झा नुसता शब्द बदलून मोकळे होत नसत. का बदलला, हे सांगत. तफ्तांनी एकदा शेख अली हजीं या नामांकित फारसी कवीचा दाखला देऊन आपला अनावश्यक शब्द वाचवायचा प्रयत्न केला. गालिबांनी बजावले की हजीं तर माणूसच होता, ती ओळ प्रत्यक्ष जिब्रईलची असली तरी तिला आधार मानू नकोस. तफ्तांच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली, तर शागीर्दाला स्तुती कमी वाटली. त्यावर उत्तर गेले की भाटासारखे बडबडणे आपल्याला जमत नाही, जेवढे खरे तेवढे लिहिले. पुढे तफ्तांचे एक पुस्तक वाईट छापले गेले तेव्हा मिर्झा भडकले: पैसे गेले आणि तुझ्या कवितेबरोबर माझी दुरुस्तीही बुडाली. तफ्ता भराभर लिहायचे, भरपूर लिहायचे. त्यांच्या प्रत्येक ओळीला एवढ्या मेहनतीची लायकी होती का, असा प्रश्न अभ्यासकांना पडतो. मलाही पडतो. गालिबांना तो पडला असेल तरी त्यांनी काम सोडले नाही.

मग १८५७ आले.

सप्टेंबरमध्ये इंग्रजांनी दिल्ली परत घेतली आणि शहर रिकामे केले. गालिब बल्लीमारानमध्ये होते. त्या गल्लीत पटियालाच्या महाराजांच्या हकिमांची घरे होती आणि महाराजांच्या शिपायांचा पहारा बसला म्हणून ते वाचले. वेडसर झालेला धाकटा भाऊ यूसुफ त्याच दिवसांत गेला. त्याच्या कफनदफनाचीही पंचाईत पडली. मित्रांपैकी कुणी फासावर गेले, कुणी परागंदा झाले. फजले हक खैराबादींना अंदमानला पाठवले. ते तिथेच वारले. हिंदू रहिवाशांना काही महिन्यांत परतू दिले गेले, मुसलमानांना त्याहून कितीतरी उशिरा. किल्ल्याचा पगार संपला, इंग्रजांची पेन्शन थांबली. घरातले कपडे विकून दिवस काढले, असे मिर्झांनी लिहून ठेवले आहे.

त्यात आणखी एक नुकसान झाले. आपल्या कवितांची प्रत स्वतःजवळ ठेवायची सवय गालिबांना नव्हती. नवाब जियाउद्दीन अहमद खान आणि हुसेन मिर्झा हे दोघे स्नेही ते सगळे गोळा करून ठेवत. दोघांचीही ग्रंथालये लुटीत गेली. नंतर एकदा गोड गळ्याच्या एका फकिराने कुठून तरी मिळवलेली गालिबांचीच एक गझल कागदावर लिहून आणली, ती पाहून मिर्झांना रडू कोसळले. स्वतःची ओळ भिक्षेकऱ्याच्या हातून परत मिळाली.

या दिवसांत नाते उलटे झाले. आता शागीर्द उस्तादाला सांभाळू लागले. तफ्तांनी शंभर रुपयांची हुंडी पाठवली. गालिबांनी तिचा हिशेब कळवला: चोवीस जुन्या देण्याचे, पन्नास जनानखान्यात, सव्वीस पेटीत. पैसे पाठवणाऱ्याला खर्चाचा हिशेब देणारा हा तोच माणूस, ज्याने टॉमसनच्या दारातून पालखी वळवली होती. मिर्झांनी याच तफ्तांना लिहिले होते की मुसलमान असो, हिंदू असो की ख्रिस्ती, आपण आदमच्या प्रत्येक लेकराला भाऊ मानतो. एरवी असे वाक्य भाषणात खपून जाते. त्या वर्षांच्या दिल्लीत, दोन्हीकडच्या प्रेतांमध्ये बसून एका कायस्थ शागीर्दाला लिहिलेले ते वाक्य वेगळे वाचावे लागते.

बंडाच्या दिवसांची हकिगत गालिबांनी फारसीत लिहिली, तिचे नाव दस्तंबू. ती १८५८ मध्ये आग्र्याला मुन्शी शिवनारायण आराम यांच्या छापखान्यात छापली गेली. मुन्शी शिवनारायणही शागीर्दच. मुद्रिते तपासायला तफ्ता, हातिम अली मेहर आणि नबीबख्श हकीर. गालिबांनी हे पुस्तक अरबी शब्द टाळून लिहायचे व्रत घेतले होते. छपाई चालू असताना लक्षात आले की एक अरबी शब्द चुकून राहून गेला आहे. लगेच आग्र्याला पत्रांवर पत्रे गेली की तो खरवडून काढा आणि दुसरा घाला. पोटात अन्न नाही, भाऊ गेला, शहर गेले आणि मिर्झा एका शब्दासाठी जिवाचे रान करत होते. शागीर्दांनी तो बदलला. आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द बदलणाऱ्याची मुद्रिते शेवटी त्याच्या विद्यार्थ्यांनी तपासली.

त्या काळातच त्यांनी तफ्तांना कळवले की या एकांतात आपण फक्त पत्रांच्या भरवशावर जगतो. ज्याचे पत्र आले तो स्वतःच भेटून गेला असे समजतो. दिवसातून दोनदा टपाल यावे, दोनचार पत्रे यावीत, मग दिवस हसत जातो. रमजानात लिहिलेल्या एका पत्रात ते सांगतात की रोजा धरतो, पण त्याची समजूत घालत राहतो: कधी घोटभर पाणी, कधी हुक्का, कधी भाकरीचा तुकडा.

शागीर्दांची मोजदाद मालिक राम या संशोधकाने पुढे केली; ती शंभराच्या बरीच पलीकडे जाते. त्यात लोहारूचे नवाबपुत्र अलाई आहेत, मीर मेहदी मजरूह आहेत, सिकंदराबादचेच बालमुकुंद बेसब्र आहेत. आपल्या औरंगाबादचे मियाँ दाद खान सय्याह आहेत. ते पुढे सुरतेत राहिले आणि मिर्झांनी त्यांना सैफुल हक, सत्याची तलवार, असा किताब दिला. रामपूरचे नवाब यूसुफ अली खानही शागीर्द होते आणि १८५९ पासून त्यांच्याकडून महिन्याला शंभर रुपये येत. हे शंभर रुपये आणि तफ्तांचे शंभर रुपये सारखे नव्हेत. नवाबाला लिहिलेल्या पत्रांत मिर्झा वाकतात, दुवा देतात, तगादाही लावतात. वाचताना वाईट वाटते, पण घरात खाणारी तोंडे होती. जगू न शकलेल्या आपल्या मुलांच्या जागी त्यांनी पत्नीच्या भाच्याला, आरिफला मानले होते. तो १८५२ मध्ये गेला आणि त्याची दोन मुले मिर्झांकडे वाढत होती.

टपालाने चालणारी ही इस्लाह नंतर मराठीतही अवतरली. सुरेश भटांनी गझलेची बाराखडी लिहून काढली आणि गावोगावच्या नवोदितांना टपालाने पाठवली, हे आपल्याकडच्या गझलकारांना ठाऊक आहेच.

मिर्झा सगळ्यांशीच असे उदार होते, असे मात्र समजू नये. शागीर्दाची चूक समजावून सांगणारा हा माणूस स्वतःची चूक कुणी दाखवली तर पेटून उठे. कलकत्त्याच्या मुशायऱ्यात त्यांच्या फारसीवर आक्षेप घेतला गेला, ते शल्य त्यांनी जन्मभर जपले. म्हातारपणी बुरहाने काते या फारसी कोशावर टीकेचे पुस्तक काढले. वाद इतका चिघळला की मिर्झा अब्रुनुकसानीचा दावा घेऊन कोर्टात गेले आणि तिथून मन खट्टू होऊन परतले. निनावी शिवीगाळीची पत्रे घरी येऊ लागली. ज्या टपालाची ते वाट बघत, त्यातूनच ही येत.

अखेरची वर्षे हलाखीची. ऐकू येईना, भेटायला आलेल्याने बोलायचे ते कागदावर लिहून द्यायचे. डोळे गेले, हात कापू लागला. आता इस्लाहसाठी कविता पाठवू नका, अशी विनंती त्यांनी वर्तमानपत्रात छापून आणली. कागद येतच राहिले. पलंगावर पडल्या पडल्या ते उत्तरे सांगत आणि दुसरे कुणी लिहून घेई.

पानिपतचे अल्ताफ हुसेन हाली याच सुमारास त्यांच्याकडे येत. जन्म १८३७ चा. सतरा वर्षांचे असताना शिकण्यासाठी घरी न सांगता दिल्लीला पळून आले होते आणि तेव्हापासून गालिबांच्या अवघड ओळींचे अर्थ विचारायला जात. मिर्झा सहसा कुणाला कविता कर असे सांगत नसत, पण हालींच्या गझला पाहून म्हणाले की तू लिहिले नाहीस तर स्वतःवर अन्याय करशील. त्या एका शब्दावर उर्दूला मुसद्दस लिहिणारा कवी मिळाला.

हालींनी या उपकाराची फेड कशी केली, ते त्यांनी स्वतःच सांगितले आहे. तरुण वय, धर्माभिमान नवा. म्हाताऱ्या उस्तादाची त्यांना काळजी वाटली आणि त्यांनी कागदावर लांबलचक उपदेश लिहून पुढे ठेवला: उभे राहता येत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर खुणेने, वजूला पाणी चालत नसेल तर तयम्मुम करून, पण पाच वेळची नमाज सुरू करा. निनावी पत्रांतून दारूवरून शिव्या येत होत्या, तेच हे दिवस. मिर्झांनी उत्तर दिले की सारे आयुष्य पापात गेले, ना नमाज झाली ना रोजा; आता उरलेल्या चार श्वासांत खुणेने नमाज पढून त्याची काय भरपाई होणार? मी मेल्यावर तोंडाला काळे फासून, पायाला दोरी बांधून दिल्लीच्या गल्ल्यांतून मला फिरवावे आणि शहराबाहेर कुत्र्या-कावळ्यांसाठी टाकून द्यावे, याच लायकीचा मी आहे. पण अल्लाह एक आहे, यावरचा विश्वास मी कधी सोडला नाही.

हालींना आपल्या वागण्याची लाज वाटली. ती लपवून ठेवणे त्यांना सोपे होते. दोघांच्या त्या बोलण्याची आठवण काढणारे दुसरे कुणी नव्हते.

१५ फेब्रुवारी १८६९ ला गालिब गेले. आदल्या दिवशीपर्यंत अलाईंच्या पत्राचे उत्तर सांगणे चालू होते. शागीर्दांना लिहिलेल्या पत्रांचा उर्दू-ए-मुअल्ला हा संग्रह पुढच्या महिन्यात बाहेर पडला. तो त्यांना पाहायला मिळाला नाही. दिल्ली दरवाजाबाहेर जनाज्याची नमाज झाली. मिर्झा शिया की सुन्नी, यावर तिथेही वाद निघाला आणि शेवटी सुन्नी रीतीने दफन झाले. त्या नमाजीत हाली उभे होते. अठ्ठावीस वर्षांनी, १८९७ मध्ये, त्यांनी यादगारे गालिब हे उस्तादाचे चरित्र लिहिले. त्यात आपल्या उपदेशाची हकिगत घातली, आणि जनाज्याबद्दल लिहिताना असे मत नोंदवले की शिया आणि सुन्नी दोघांनीही, एकत्र नाहीतर वेगवेगळी का होईना, त्यांची नमाज पढली असती तर बरे झाले असते.